पाच वेळा कामून

आमच्या घरात रविवार गुरुवारी येतो. पप्पांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी आणि भांडणंही गुरुवारीच. चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांचं हेच वेळापत्रक आहे. फक्त शेजारच्या काकूंचा गुरुवारचा उपास असतो, म्हणून मम्मी फोडणी टाकताना त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेते. काकांचा उपास नसतो. ते वाटी झाकून हळूच आमच्याकडे येतात. काकूंना हे माहीत आहे, आणि काकूंना माहीत आहे हे काकांनाही माहीत आहे. पण गेली कित्येक वर्षं वाटी झाकलेलीच असते.

मी बारावीनंतर बी.ए.ला गेले आणि तीन विषयांत इतिहास घेतला, ही बातमी बिल्डिंगभर पसरली तीही गुरुवारीच, रश्श्याबरोबर. काकांनी वाटी तोंडाला लावता लावता विचारलं, "इतिहास म्हणजे स्पर्धा परीक्षा देणार का?" मी नाही म्हटलं. "मग किल्ल्यावर गाइड?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी पप्पांकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी आजारी आहे. आमच्या भागात मुलं आयटीआय करतात, डिप्लोमा करतात, मुली बी.कॉम. करतात, आणि मार्क बरे असले तर तळवड्याच्या आयटी पार्ककडे डोळे लावून इंजिनिअरिंगला जातात. इतिहास दहावीच्या बोर्डाच्या पेपरला संपतो अशी सगळ्यांची खात्री आहे.

पप्पांचा इतिहासाला विरोध होता असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात टीव्हीच्या आधी पुस्तकांची फळी आली. जयंतीच्या स्टॉलवरून पप्पा दर वर्षी एखादं तरी पुस्तक आणतात, त्याला खाकी कव्हर घालतात आणि शिफ्टला जाताना बसमध्ये वाचून संपवतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की इतिहास वाचायचा असतो, त्याच्यावर पोट भरायचं नसतं.

"वाचायला कोण नको म्हणायलंय तुला? जल्मभर वाच," ते म्हणाले. "पण मेजर अर्थशास्त्र घे. बँकेच्या परीक्षा हायत. पुढं कायतरी दिसायलंय."

मेजर म्हणजे पूर्वी ज्याला स्पेशल म्हणायचे ते. पहिल्या वर्षी तीन विषय शिकायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक धरायचा, तोच पुढे पदवीला चिकटतो. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं. मी रडले नाही, उपाशी राहिले नाही, नुसती तोंड पाडून बसले, आणि तेवढ्यावर पप्पा तडजोडीला आले. दर गुरुवारी त्या आठवड्यात काय शिकवलं ते त्यांना सांगायचं. वर्षअखेर त्यांना पटलं तर इतिहास, नाही पटलं तर गपगुमान अर्थशास्त्र. मी लगेच हो म्हणून टाकलं. मला इतिहासच हवा होता. का हवा होता ते मात्र मला धड सांगता येत नव्हतं, आणि पप्पांपुढे नेमकं तेच चालत नाही.

पप्पा तळवड्यात एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहेत. ती कंपनी चाकणच्या मोठ्या कंपन्यांना पत्र्याचे पार्ट पुरवते. पार्ट खराब निघाला की तिकडून तक्रार येते, आणि मग पप्पांना शोधून काढावं लागतं की असं का झालं. त्याची एक पद्धत कंपन्यांमध्ये शिकवतात. एकदा 'का' विचारायचं, जे उत्तर येईल त्याला पुन्हा 'का' विचारायचं, असं पाच वेळा. पाचवं उत्तर म्हणजे रूट कॉज, सगळ्या बिघाडाचं मूळ. आता पप्पा पडले परभणीचे. तिकडे 'का'ला 'कामून' म्हणतात. डाव्या हाताची करंगळी धरून पहिला कामून, आणि अंगठ्यावर पोचलं की मूळ सापडलं.

हे ते कंपनीत ठेवून आले असते तर बरं होतं, पण ते घरीही आणत. एकदा दूध उतू गेलं. कामून? मम्मी गॅसजवळ नव्हती. कामून? दार उघडायला गेली होती. कामून? मला बाहेरून उघडता येईना. कामून? माझ्याकडे किल्ली नव्हती. कामून? घरात किल्ल्या दोनच होत्या. संध्याकाळी पप्पा तिसरी किल्ली करून आले. मम्मी घरी ब्लाउज शिवते, तिच्या तोंडात बहुतेक वेळा टाचण्या असतात. त्या काढून ती म्हणाली, "शेगडी कुणी पुसायची, ते बी विचारा की पाच वेळा."

मला मात्र या पद्धतीचा फार फायदा झाला. मी काहीही सांडलं, फोडलं, हरवलं तरी पाचवं कारण मी कधीच निघाले नाही. कधी किल्ली निघायची, कधी स्टुलाचा डुगडुगणारा पाय, कधी दप्तराची चेन. मैत्रिणींना असल्या गोष्टींवरून मार बसायचा. आमच्याकडे स्टुलाला खिळा बसायचा. हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. लहानपणी आपल्याला वाटतं, सगळ्यांचे पप्पा असेच.

तर गुरुवारचे तास सुरू झाले. जेवण झालं की पप्पा जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर पसरायचे, स्केचपेन घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, बोल. आज काय बिघडलं?" मी पानिपत सांगितलं. हार झाली. कामून? सैन्य उपाशी होतं. कामून? रसद तुटली. कामून? आजूबाजूला मदत करणारं कुणी नव्हतं. कामून? शेजारची राज्यं आधीच दुखावलेली होती. कामून? त्यांच्याकडून नुसती वसुली केली, विश्वास नाही कमावला. पप्पांनी शेवटच्या उत्तराभोवती चौकट काढली आणि आत लिहिलं, 'सप्लायर नाराज'.

मुघलांचं राज्य मोडलं, तर पप्पांच्या मते प्लांट वाढवला पण सुपरवायझर वाढवले नाहीत. दक्षिणेतलं एक मोठं साम्राज्य त्यांनी 'मेंटेनन्स नाही' म्हणून निकालात काढलं. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण साफ चूक आहे असंही वाटायचं नाही. बुधवारी संध्याकाळी कंपनीतून त्यांचा मेसेज यायला लागला, 'उद्या कोणती लढाई?' मला ते दिवस फार आवडायचे. बारावीपर्यंत पप्पा आणि मी एका ताटात जेवलो असू, पण एका गोष्टीवर दोन-दोन तास बोललो नव्हतो. ते जमिनीवर पालथे पडून चौकटी काढायचे, मी सांगायचे, आणि मम्मीचं मशीन मध्येच थांबायचं, कारण तिलाही पुढे काय झालं ते हवं असायचं.

अशा कौतुकात मी अंतर्गत परीक्षेला बसले. प्रश्न आला, पानिपतच्या पराभवाची कारणे स्पष्ट करा. बाकीच्यांनी गाइडमधले आठ मुद्दे लिहिले. मी एकाखाली एक पाच 'का' लिहिले, बाण काढले, आणि शेवटच्या उत्तराभोवती पट्टीने चौकट आखली. वर्गात सगळ्यांत आधी माझा पेपर लिहून झाला. मी खिडकीबाहेर बघत बसले होते, इतकी मला खात्री होती.

पेपर मिळाला तेव्हा पास होण्यापुरते मार्क होते, आणि खाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'हा इतिहास आहे, मशीन बिघडल्याचा रिपोर्ट नाही. पाचव्या उत्तराला का थांबलीस?'

आमच्या इतिहासाच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. ठेंगण्या, सुती साडी, काखेत गुंडाळलेला नकाशा. तो नकाशा खालून फाटलेला होता, त्यामुळे श्रीलंका आम्हाला कल्पनेनेच बघावी लागायची. त्या कधी खुर्चीत बसायच्या नाहीत, कधी आवाज चढवायच्या नाहीत, आणि वर्गात दहा-बारा जणच असूनही हजेरी अशी घ्यायच्या, जणू समोर सभा भरली आहे. त्यांचं ते लाल वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. बसमध्ये मी तो पेपर तीनदा बाहेर काढला.

पप्पांना त्याहून जास्त लागलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, मग खाली घेऊन पुन्हा वाचलं.

"कोण मॅडम हाय ही? चाकणच्या कस्टमरनं माझा रिपोर्ट कधी परत पाठवला नाही," ते म्हणाले. "मार्क तुझे गेले असतील. रिजेक्शन माझं झालंय."

"पप्पा, जाऊ द्या."

"जाऊ कसं द्यायचं? पुढच्या महिन्यात तुझं मेजर ठरवायचंय. तिथं काय शिकवायलेत ते मला बघू तरी दे. गुरुवारी मी येतो."

मम्मीने कपाळाला हात लावला. मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, पण गुरुवारी पाऊस पडावा, बस बंद पडाव्यात असं मनात आलं खरं.

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. निगडीला उतरून प्राधिकरणातून कॉलेजपर्यंत चालताना मी त्यांच्या चार पावलं पुढे होते. तेव्हा लाज वाटत होती. मॅडम वर्गाच्या दारातच भेटल्या. पप्पांनी दोन्ही हात जोडले.

"मॅडम, मी हिचा पप्पा. तुम्ही जो पेपर नापसंत केला, तो अर्धा माझा हाय."

मॅडमनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग बसा," त्या म्हणाल्या. "आता माझा तासच आहे."

पप्पा शेवटच्या बाकावर बसले. मुली मागे वळून वळून बघत होत्या. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'पानिपत. हार. का?' आणि खडू पप्पांपुढे धरला. "करून दाखवा तुमची पद्धत."

मला वाटलं होतं, ते गडबडतील. पण ते फळ्यापाशी गेले, करंगळी धरली आणि सुरू झाले. पहिल्या कामूनला वर्ग हसला, दुसऱ्याला कमी हसला, चौथ्याला कुणीच हसलं नाही, उलट सगळे उत्तरं ओरडायला लागले. पाचव्याला पप्पांनी चौकट काढली आणि आमच्याकडे असं पाहिलं, की आता टाळ्या वाजवा. दोघीतिघींनी वाजवल्यासुद्धा.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण पाचच का?"

"पाचव्याला रूट कॉज सापडतं मॅडम. आणि," पप्पा जरा थांबले, "फॉर्मवर खानेच पाच असतात."

सगळे हसले. पप्पाही हसले. मॅडम म्हणाल्या, "इथे फॉर्म नाही. फळा आहे, मोठा आहे. सहावा विचारा."

पप्पांनी सहावा विचारला. त्याची दोन उत्तरं आली आणि दोन्ही बरोबर होती. मॅडमनी दोन बाण काढले. सातव्याला एकाची तीन झाली. थोड्या वेळाने फळा मम्मीच्या मशीनखालच्या दोऱ्यांसारखा दिसायला लागला आणि चौकट काढायला कुठे जागाच उरली नाही. पप्पांचा हात खडूने पांढरा झाला होता. त्यांना मजा येत होती हे मला पाठमोऱ्या पप्पांवरून कळत होतं.

मग मॅडमनी अगदी पहिल्या उत्तरावर बोट ठेवलं. "सैन्य उपाशी होतं. हे आपल्याला कुणी सांगितलं? जे उपाशी होते त्यांनी, की त्यांच्याबद्दल ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी?"

 पप्पा फळ्याकडे बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, "मॅडम, ज्याच्याबद्दल रिपोर्ट लिहितात, त्याला कुणी विचारतं का?"

"बहुतेक वेळा नाही," मॅडम म्हणाल्या. "राहून जातं. मग फार वर्षांनी माझ्यासारखं कुणीतरी विचारायला येतं. तोवर तो माणूस नसतो."

पप्पांनी खडू पेटीत ठेवला, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि मागे जाऊन बसले.  निघताना त्यांनी मॅडमना पुन्हा हात जोडले, पण माझ्या मार्कांचा विषय काढला नाही. मी समजले की चारचौघांत त्यांचा पाणउतारा झाला. इतिहास गेला, आता अर्थशास्त्राची पुस्तकं आणायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. परत येताना मी त्यांच्या शेजारून चालले. तेवढं तरी.

निगडीच्या स्टँडवर चिखलीची बस लागायला वेळ होता. पप्पांनी टपरीवर दोन कटिंग सांगितले आणि आम्ही बाकड्यावर बसलो.

"आपण चाकणला राहायचो, आठवतं तुला?" त्यांनी विचारलं.

मला एक पत्र्याची खोली आठवत होती आणि तिच्या दारातली पेरूची फांदी. मी बालवाडीत होते तेव्हाची गोष्ट. पप्पा तिथे एका कंपनीत प्रेस मशीनवर ऑपरेटर होते. पुढे बरी नोकरी मिळाली म्हणून ती सोडली आणि आम्ही चिखलीला आलो, असं मला घरात सांगितलेलं.

"सोडली नव्हती," पप्पा म्हणाले. "ब्रेक दिला मला." कंत्राटी कामगाराला मधूनमधून घरी बसवतात, त्याला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. पप्पांना पुन्हा बोलावलंच नाही.

एक अख्खा लॉट कस्टमरकडून परत आला होता. पार्टमधलं भोक सरकलं होतं. वरच्या साहेबांनी बसून कामून-कामून केलं. भोक सरकलं, कारण पार्ट जागेवर धरणारी पिन झिजली होती. ते दिसलं नाही, कारण पार्ट तपासला नव्हता. असं करत करत पाचव्या खान्यात आलं, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. खाली पप्पांचं नाव. तो कागद मशीनच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावला होता.

"मी त्याच मशीनवर उभा होतो," पप्पा म्हणाले. "तीन हात लांब. मला कुणी विचारलं नाही."

मी चहाचा ग्लास नुसताच धरून बसले होते. तिसरी किल्ली, स्टुलाचा पाय, दप्तराची चेन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आमच्या घरात पाचवं कारण माणूस का नसायचं, ते मला त्या बाकड्यावर कळलं. त्यानंतर संध्याकाळचा क्लास लावून ते क्वालिटी का शिकले, तेही कळलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. पप्पांनी खिशातला खडूने माखलेला रुमाल काढून दिला.

"आता रडायलीस कामून?" ते म्हणाले. "घे तुझा इतिहास. मी कुठं नको म्हणायलोय. पण तुझ्या मॅडम म्हणल्या तसं मी नसल्यावर विचारू नको. काय विचारायचं ते आत्ता विचार."

मी नाक पुसलं. रुमालाने तोंडाला खडू लागला असणार, कारण टपरीवाला बघत होता. इतक्या वर्षांत हा शब्द मी पप्पांना कधी विचारला नव्हता. तो नेहमी त्यांनीच विचारायचा असायचा.

"पिन झिजलेली होती," मी म्हटलं, "तर बदलली नाही कामून?"

चिखलीची बस लागली, भरली आणि निघून गेली. पप्पांनी आणखी दोन कटिंग सांगितले. सवयीने त्यांनी डाव्या हाताची करंगळी धरली, तिच्याकडे बघितलं, मग सोडून दिली आणि सांगायला लागले.